प्रकल्प नोंदी: हॅलो ऐकू येतो, डेटा पोचत नाही

१ जुलै २०२४
विषय मंजूर झाला: मोबाईल ॲड हॉक नेटवर्कची कामगिरी सुधारणे. शीर्षक इतकं ऐसपैस आहे की त्याखाली काहीही खपेल. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "नवा प्रोटोकॉल काढायचा नाही. आहे तो कुठे गळतो ते दाखव आणि एक गळती बुजव." बरं वाटलं. या क्षेत्रात दर वर्षी नव्या नावाचा एक प्रोटोकॉल जन्माला येतो आणि पुढच्या पेपरात मरतो.

पाया एओडीव्हीचा घेतोय, म्हणजे अशा नेटवर्कमध्ये पॅकेटचा रस्ता ठरवणाऱ्या एका जुन्या प्रोटोकॉलचा. त्याचे नेम आरएफसी ३५६१ या दस्तऐवजात, जुलै २००३. टॉवर नाही, राउटर नाही, प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातलं प्रत्येक यंत्र, स्वतःच राउटर. रस्ता हवा असेल तेव्हाच शोधायचा: रूट रिक्वेस्ट सगळीकडे पसरवायची, ज्याचा शोध आहे त्याने रूट रिप्लाय त्याच वाटेने परत धाडायचा. सिम्युलेटर एनएस-३.४२. सोबत येणारं मॅनेट (मोबाईल ॲड हॉक नेटवर्क) राउटिंग तुलनेचं उदाहरण जसंच्या तसं चालवलं: ५० नोड, ३०० बाय १५०० मीटरचा पट्टा, पाठवणारा-घेणारा अशा दहा जोड्या, प्रत्येकी ६४ बाइटची पॅकेट २०४८ बिट प्रतिसेकंद दराने, म्हणजे सेकंदाला चार पॅकेट. हा पट्टा पाहिल्यासारखा वाटला तो उगाच नव्हे. कार्नेगी मेलनच्या मंडळींनी १९९८ मध्ये चार प्रोटोकॉलची पहिली मोठी तुलना केली ती याच मापाच्या पट्ट्यावर. पंचवीस वर्षं झाली, मैदान तेच.

वाचता वाचता सापडलेली एक गोष्ट. एओडीव्हीचा पूर्वज डीएसडीव्ही, १९९४ चा, त्याचे दोन लेखक: चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत. भागवतांनी पुढे वायफाय सुरक्षेची एअरटाइट नेटवर्क्स उभी केली, तिचं इंजिनिअरिंग पुण्यात चालायचं. आमच्या पाठ्यपुस्तकात डीएसडीव्ही पाच मार्कांसाठी येतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

४ जुलै
मोजायला बसण्याआधी हवेचा हिशोब मांडला. ६४ बाइट, ११ एमबीपीएसने, म्हणजे जेमतेम ४६.५ मायक्रोसेकंद. पण ते ६४ बाइट एकटे जात नाहीत. त्यांवर वेगवेगळ्या थरांची वेष्टनं चढतात: यूडीपीचे ८, आयपीचे २०, एलएलसीचे ८, आणि मॅकचे, म्हणजे हवेत बोलण्याची पाळी सांभाळणाऱ्या थराचे, २८ धरून १२८ बाइट, म्हणजे ९३ मायक्रोसेकंद. त्याआधी डिफ्स (ठरलेली शांतता) ५०, सरासरी बॅकऑफ (टक्कर टाळायला यादृच्छिक वाट बघणं) ३१०, लांब प्रीॲम्बल (पॅकेट येतंय अशी सूचना देणारा सुरुवातीचा भाग) १९२. मग सिफ्स (छोटी शांतता) १०, आणि पोच म्हणून परत येणाऱ्या अ‍ॅकचे १९२ अधिक ५६. गोळाबेरीज ९०३ मायक्रोसेकंद. कामाचा माल पाच टक्के, बाकी सगळी हमाली. आणि हे एका हॉपचं, म्हणजे एका नोडाकडून शेजारच्या नोडाकडे एका उडीचं. चार हॉपच्या साखळीत एकाच परिसरात एका वेळी एकच जण बोलू शकतो. म्हणूनच एमआयटीच्या गटाला २००१ मध्ये लांब साखळीची क्षमता सिद्धांताने एका हॉपच्या चौथा हिस्सा मिळाली आणि ८०२.११ च्या (वायफायच्या मानकाच्या) सिम्युलेशनमध्ये सातवा.

दुसरा हिशोब रूट रिक्वेस्टचा. २४ बाइटचं पिल्लू, पण ब्रॉडकास्ट, म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांना उद्देशून. खऱ्या कार्डावर ब्रॉडकास्ट सहसा सर्वांत सावकाश दराने, १ एमबीपीएसने जातो. सगळं धरून एक प्रसारण साधारण १.२६ मिलिसेकंद. पन्नास नोडांनी प्रत्येकी एकदा पुढे ढकललं की ६३ मिलिसेकंद. हा एका शोधाचा खर्च. दहा उगमांनी, म्हणजे पाठवणाऱ्या नोडांनी, सेकंदाला प्रत्येकी एक शोध काढला तर, सगळे एकमेकांच्या टप्प्यात आहेत असं धरल्यास, सेकंदातले ६३० मिलिसेकंद नुसते "अमका कुठाय?" विचारण्यात गेले. पट्टा लांब असल्याने प्रत्यक्षात निम्म्या-शिम्म्या जागी समांतर बोलता येतं, पण कल बदलत नाही. डेटा हलका आहे, शोध जड आहे. सुधारणा करायची तर शोध कमी वेळा लागतील असं काहीतरी करायला हवं.

११ जुलै
उदाहरणातली एक ओळ खटकली. नोडांचा वेग: किमान ०, कमाल २०. रँडम वेपॉइंट म्हणजे नोड एक ठिकाण निवडतो, एक वेग निवडतो आणि चालू पडतो. त्याच्या वाट्याला ०.०१ मीटर प्रतिसेकंद आला आणि ठिकाण ५०० मीटरवर असलं तर पोचायला ५०,००० सेकंद. सिम्युलेशन २०० सेकंदांचं. म्हणजे तो नोड जवळपास खांबच झाला. असे मंद नोड साचत जातात आणि सरासरी वेग उतरत राहतो. यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्ये हेच दाखवलं: किमान वेग शून्य ठेवला तर स्थिर सरासरी अशी येतच नाही.

किमान १ केला. तरी सरासरी १०.५ होत नाही. स्थिरावल्यावरची सरासरी म्हणजे वेगांतला फरक भागिले त्यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम: १९ भागिले २.९९६, साधारण ६.३४ मीटर प्रतिसेकंद. आलेखावर "वेग २०" लिहिणाऱ्यांनी हे वाचायला हवं. सुरुवातीपासूनच स्थिर अवस्थेत टाकणारं मॉडेल एनएस-३ मध्ये तयार आहे, तेच लावलं.

१९ जुलै
मॅडम: "वीस मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी बहात्तर. तीनशे मीटर रुंद पट्ट्यात बहात्तरने कोण पळतंय?"

उत्तर नव्हतं. आज इर्शाळवाडीला वर्ष झालं, बोलणं तिकडे वळलं. दरड कोसळली ती रात्रीची, वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही, मदतीची माणसं पावसात डोंगर चढून गेली. टॉवरविना नेटवर्कची गोष्ट करायची तर ती अशा माणसांची. ती चालतात, थांबतात, उकरतात, पुन्हा चालतात. वेग ०.५ ते १.५ मीटर प्रतिसेकंद, मध्ये थांबे. चालतानाची सरासरी त्याच सूत्राने ०.९१.

म्हणून आता दोन संच: "गाडी", १ ते २०, थांबा नाही, आणि "पायी", ०.५ ते १.५, थांबा ६० सेकंदांपर्यंत. माझा अंदाज असा की पायी संचात एओडीव्हीला फारसं काम उरणार नाही. दुवे तुटणार कमी, शोध कमी.

२३ जुलै
डीबग बिल्ड सोडून ऑप्टिमाइझ्ड बिल्ड लावलं, रन कितीतरी पटीने वेगात. हे आधीच करायला हवं असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो.

२ ऑगस्ट
पायी संचाचे निकाल आले. जवळजवळ सगळं पोचतंय. शोध फार थोडे. गाडी संचात बरीच पडझड, जशी पुस्तकात असते तशी.

निकाल हवा तसा आला की मला झोप लागत नाही. सुधारायला काही शिल्लकच नसेल तर प्रकल्प कशाचा?

दरम्यान मोजमापाची शिस्त ठरवून टाकली. प्रत्येक बिंदूसाठी दहा वेगळे रन, सीड (यादृच्छिक आकड्यांचं बीज) तोच, रन क्रमांक बदलता, ९५ टक्के विश्वासांतर, नऊ अंशांसाठी टी-मूल्य २.२६२. सगळे क्रमांक फाइलच्या नावात. कुरकोवस्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी २००५ मध्ये मोबीहॉक परिषदेचे पेपर चाळून पाहिले, तेव्हा त्यांच्या मते १५ टक्क्यांहून कमी अभ्यास पुन्हा करून पाहता येण्याजोगे होते. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी सिम्युलेटरची आवृत्तीसुद्धा धड लिहिलेली नव्हती.

१४ ऑगस्ट
फ्लडिंगवर, म्हणजे रिक्वेस्ट प्रत्येकाने पुढे ओरडत नेण्यावर, एक प्रयोग, वादळ शमवण्याचा जुना उपाय. नी, त्सेंग आणि मंडळींचा १९९९ चा हिशोब देखणा आहे: एकदा ऐकलेला संदेश पुन्हा ओरडला तर नवं क्षेत्र जास्तीत जास्त ६१ टक्के, सरासरी ४१. तोच संदेश चार वेळा कानावर आल्यावर ओरडला तर नवं क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी. मग ओरडायचंच कशाला? थोडं थांबायचं, मोजायचं, पुरेशा वेळा ऐकलं तर गप्प बसायचं.

लावलं. दाट जागी शोधाचा खर्च उतरला. पट्ट्याच्या टोकांना, जिथे नोड विरळ, तिथे काही फरक नाही आणि नसायलाच हवा. उपयोगी आहे, ठेवतोय, पण हे दुसऱ्यांचं काम आहे.

९ सप्टेंबर
गणपतीच्या सुट्ट्या, कॉलेज रिकामं. मामांकडून लॅबची चावी घेतली. "दिवे बंद करून जा, आणि त्या एसीला हात लावू नका," इतकीच अट. दोन रास्पबेरी पाय (तळहाताएवढे संगणक), बाहेरून लावलेले वायफाय डोंगल, ॲड हॉक मोड, चॅनल ६. एक लॅबच्या दारात खुर्चीवर, दुसरा हातात, पॉवरबँक खिशात.

पायथनची छोटी स्क्रिप्ट, दोन कामं एकत्र करणारी. दर सेकंदाला एक लहान ब्रॉडकास्ट, एओडीव्हीच्या हॅलोच्या, म्हणजे 'मी इथे आहे' एवढंच शेजाऱ्यांना कळवणाऱ्या संदेशाच्या, मापाचा. आणि सोबत १००० बाइटचं युनिकास्ट (एकालाच उद्देशून) पॅकेट, दर ११ एमबीपीएसवर बांधलेला. दोन्हीची मोजणी समोरच्या पडद्यावर दोन ओळींत.

कॉरिडॉरमधून चालत निघालो. दोन्ही ओळी पळतायत. जिन्याचं वळण, अजून दोन्ही. झेरॉक्सच्या खोलीपाशी मोठ्या पॅकेटची ओळ अडखळली. वाचनालयाच्या दाराशी ती उभीच राहिली. हॅलोची ओळ? टिक, टिक, टिक, क्वचित एखादा गाळत. तिथून परत मागे, पुन्हा पुढे, चार पावलं डावीकडे भिंतीला लागून. चित्र तेच. वाचनालयापासून पार नोटीसबोर्डापर्यंत लांबलचक पट्टा असा, की जिथे दुसऱ्या पायचं असणं कळतं पण त्याच्याकडे माल पाठवता येत नाही. दरीपलीकडून घातलेली हाळी ऐकू येते, पण काय म्हणतोय ते कळत नाही, तसं.

एओडीव्हीच्या नजरेतून हे पाहिलं की पोटात गोळा येतो. नेमात लिहिलंय: हॅलो दर सेकंदाला, दोन हरवले तर शेजारी गेला. इथे दोन सलग हरवतच नाहीत. म्हणजे हा शेजारी टेबलात कायमचा जिवंत, आणि त्याच्या भरवशावर धाडलेलं सगळं मातीत.

१० सप्टेंबर
हे कुणी आधी पाहिलं असणारच. पाहिलंय. स्वीडनमधल्या उप्सालाच्या लुंडग्रेन, नॉर्डस्ट्रॉम आणि च्युडिन यांनी २००२ मध्ये, खरे लॅपटॉप घेऊन माणसं चालवत. त्यांनी त्याला करडा पट्टा असं नाव दिलंय. कारणंही मांडलीत: ब्रॉडकास्ट सावकाश दराने जातो म्हणून दूर पोचतो, हॅलो लहान असतो म्हणून त्यात बिट बिघडण्याची शक्यता कमी, आणि ब्रॉडकास्टला अ‍ॅक नसतो, त्यामुळे ऐकू आलं म्हणजे उलट दिशेनेही जाईल याची खात्री कुणीच देत नाही.

मग माझ्या सिम्युलेशनला हे दिसलं का नाही?

१२ सप्टेंबर
पहिलं झाकण सापडलं. उदाहरणाच्या कोडमध्ये एक ओळ आहे: ब्रॉडकास्टचा दर युनिकास्टइतकाच ठेवा. दोन्ही ११. म्हणजे हॅलो आणि डेटा एकाच पल्ल्याचे, करडा पट्टा उगवायला जागाच नाही. ओळ वाईट नाही, तुलनेच्या सोयीसाठी आहे, आणि वर टीपही आहे. पण ती टीप किती जण वाचतात?

ओळ काढली, ब्रॉडकास्ट १ वर आणला, पुन्हा चालवलं.

काही फरक नाही.

२० सप्टेंबर
अनंत चतुर्दशी परवाच झाली, डोकं अजून ढोलात आहे. पण दुसरं झाकण सापडलं आणि ते जास्त खोल आहे.

एनएस-३ मध्ये फ्रेम (हवेतून आलेलं पॅकेट) उचलायची की नाही ते प्रीॲम्बल ओळखणारं एक मॉडेल ठरवतं. त्याची मूळ अट: सिग्नल निदान −८२ डीबीएम हवा, आणि एसएनआर (सिग्नल नॉइजपेक्षा किती वर आहे ते) ४ डेसिबल. याखाली आलेली फ्रेम, दर कुठलाही असो, उचललीच जात नाही. आता तळ बघा. औष्णिक नॉइज सुमारे −१०१, त्यावर रिसीव्हरचा नॉइज फिगर ७, म्हणजे तळ सुमारे −९४. उंबरठा तळाच्या १२ डेसिबल वर. तिथपर्यंत ११ एमबीपीएससुद्धा सुखाने वाचता येतो, आणि त्यापलीकडे १ एमबीपीएसलाही मज्जाव. दोघांचा पल्ला एकाच जागी कापलेला. खरा १ एमबीपीएस बार्कर कोडच्या (प्रत्येक बिट अनेक तुकड्यांत पसरवण्याच्या) जोरावर त्याच्या कितीतरी खाली ऐकू येतो.

ते मॉडेल काढून टाकायला एकच ओळ लागते. सोबत आणखी एक गोष्ट नीट केली: फ्रीसचं मॉडेल (मोकळ्या जागेत सिग्नल अंतराने किती घटतो ते सांगणारं) मूळचं ५.१५ गिगाहर्ट्झवर असतं. आपण ८०२.११बी चालवतोय, २.४ वर. फरक साडेसहा डेसिबलचा, मोकळ्या जागेत पल्ल्यात दुपटीहून जास्त. शेवटी फ्रीस सोडूनच दिलं, लॉग-डिस्टन्स (अंतराच्या ठरावीक घातांकाने सिग्नल घटवणारं) घेतलं, घातांक ३, प्रसारणाची शक्ती अशी बसवली की ११ चा पल्ला सुमारे २५० मीटर पडावा.

१ ऑक्टोबर
आता बघा मजा.

गाडी संच: आधीपेक्षा वाईट, पण ओळखू येण्याइतका. पायी संच: कोसळला. जुलैतला माझा अंदाज पार उलटा. हळू चालणाऱ्या नेटवर्कची अवस्था वेगात पळणाऱ्यापेक्षा बिकट.

कारण कागदावर पाच मिनिटांत निघालं. समजा १ आणि ११ च्या गरजेत ८ डेसिबलचा फरक. घातांक ३ धरला तर पल्ल्यांचं गुणोत्तर १.८५. एक २५० मीटर, दुसरा साधारण ४६०. मधला २१० मीटरचा पट्टा करडा. ताशी बहात्तरने पळणारा नोड तो दहा-अकरा सेकंदांत ओलांडतो आणि सुटतो. मीटरभराच्या वेगाने चालणारा साडेतीन मिनिटं त्यात अडकून राहतो, वर थांबा आला की आणखी. हॅलो येत राहतात, टेबल म्हणतं शेजारी शाबूत आहे.

एनएस-३ च्या एओडीव्हीत मॅककडून येणारी बातमीही वापरली जाते: फ्रेम पुन्हा पुन्हा धाडून टाकून द्यावी लागली की दुवा तुटला असं कळतं. ते चांगलं. पण मग काय होतं ते एका ट्रेसमध्ये ओळ ओळ पाहिलं. दुवा तुटल्याची बातमी उगमाकडे. उगम नवी रूट रिक्वेस्ट काढतो. ती ब्रॉडकास्ट, १ एमबीपीएस, लांब पोचते. मुक्काम, म्हणजे ज्याचा शोध आहे तो नोड, सर्वांत आधी पोचलेल्या रिक्वेस्टला उत्तर देतो, आणि सर्वांत आधी पोचते ती सर्वांत कमी हॉपची, म्हणजे सर्वांत लांब उड्यांची, म्हणजे नेमकी करड्या दुव्यांवरून आलेली. रूट रिप्लाय युनिकास्ट, ११ एमबीपीएस. तो त्याच दुव्यावर मरतो. उगम वाट बघतो, पुन्हा विचारतो. पुन्हा तीच वाट. प्रोटोकॉलचा प्रत्येक भाग आपापल्या नेमाने बरोबर वागतोय आणि नेटवर्क आपल्याच ओरड्यात बुडतंय.

शोध वाढत्या वर्तुळांनी होतो, तो उशीरही वेगळा. आरएफसीप्रमाणे टीटीएल (रिक्वेस्ट जास्तीत जास्त किती हॉप जाईल ते) १, ३, ५, ७; वाट बघायची वेळ २४०, ४००, ५६० आणि ७२० मिलिसेकंद. सगळीकडे ओरडण्याची पाळी येईपर्यंत १.९२ सेकंद उलटलेले. सेकंदाला चार पॅकेट धरली तर सातेक रांगेत.

४ ऑक्टोबर
मॅडमना ट्रेस दाखवला. त्या बराच वेळ स्क्रोल करत होत्या. "म्हणजे शेजारी कोण हेच चुकतंय. वरचं सगळं ठीक आहे." हाच प्रकल्प. शीर्षक राहू दे तसंच.

१० ऑक्टोबर
उप्सालाचे उपाय तीन. हॅलोमध्ये आपल्या शेजाऱ्यांची यादी द्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी ऐकू येतं का ते कळतं. किंवा लागोपाठ काही हॅलो ऐकल्याखेरीज शेजारी मानायचं नाही. किंवा एसएनआरचा उंबरठा: क्षीण आलेला नियंत्रण-संदेश (हॅलो, रूट रिक्वेस्ट वगैरे) सरळ फेकून द्यायचा. त्यांच्या मोजमापात तिसरा उजवा ठरला.

पहिला आमच्याकडे लंगडा. दोन्ही बाजूंनी हॅलो ऐकू येतोच, अडचण दिशेची नाही, दराची आहे. दुसरा लावून पाहिला, तीन सलग हॅलोंची अट घालून. जेमतेम फरक. एओडीव्ही शेजारी फक्त हॅलोवरून ओळखत नाही, रूट रिक्वेस्ट ज्याच्याकडून आली त्यालाही उलट वाटेचा पहिला शेजारी धरतो. पुढच्या दाराला कुलूप, मागचं सताड उघडं. गाळणी लावायची तर रिक्वेस्ट घेण्याच्या जागीच.

१७ ऑक्टोबर
एसएनआर फिजिकल लेयरला कळतो, निर्णय राउटिंगला घ्यायचाय, मध्ये दोन मजले. मॉनिटर स्निफरच्या ट्रेसमधून सिग्नल आणि नॉइज मिळतात. मॅक पत्त्यामागे शेवटचा एसएनआर ठेवणारा तक्ता केला. राउटिंगकडे मात्र आयपी पत्ता असतो. आयपीवरून मॅक काढायचा तर एआरपीचा तक्ता, आणि ज्याच्याकडून नुसते ब्रॉडकास्टच आलेत त्याची तिथे नोंदच नसते. दोन संध्याकाळ यात गेल्या. शेवटी सिम्युलेशन सुरू होतानाच शेजारी-तक्ता भरून ठेवणारा तयार हेल्पर वापरला. खऱ्या पायवर हे चालणार नाही, तिथे लिनक्सच्या नेटलिंकमधून थेट स्टेशनची माहिती काढावी लागेल. नोंद करून ठेवतो.

२५ ऑक्टोबर
उंबरठा सरकवत नेला, पायी संच. सैल ठेवला तर जुनी रडकथा. थोडा कसला तसं पोचणं सुधारत गेलं, आणि गंमत म्हणजे हॉप वाढूनही एकूण रूट रिक्वेस्ट घटल्या, कारण सापडलेला रस्ता टिकतोय, पुन्हा पुन्हा विचारावं लागत नाही. ४ जुलैच्या हिशोबाने पाहिलं तर एक जादा हॉप म्हणजे पॅकेटमागे ०.९ मिलिसेकंद, आणि वाचलेला एक शोध म्हणजे ६० च्या घरात. सौदा स्वस्त.

आणखी कसला की पुन्हा घसरण. पट्ट्यात नोड विरळ झाले की भक्कम दुव्यांनी सगळे जोडलेलेच राहत नाहीत. नेटवर्कचे तुकडे. एकच उंबरठा सगळ्या वेळी चालणार नाही.

२९ ऑक्टोबर
उद्यापासून दिवाळीची सुट्टी. मामांना विचारून सर्व्हर चालू ठेवला, पन्नासच्या पन्नास नोड फराळाच्या वेळी चालत राहतील.

११ नोव्हेंबर
सुट्टीत सुचलेला उपाय, साधा आहे. रूट रिक्वेस्टच्या हेडरमध्ये अकरा बिट राखीव, रिकामे पडलेले. त्यातला एक घेतला. पहिल्या शोधात तो शून्य: वाटेतल्या प्रत्येकाने क्षीण आलेली रिक्वेस्ट फेकून द्यावी. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या शोधात तो एक: क्षीण चालेल, पण मिळेल तो रस्ता द्या. भक्कम वाट असेल तर तीच मिळते, नसेल तर निदान कमकुवत.

पण कमकुवत दुवा ११ वर काही वाहून नेणारच नाही. म्हणून बांधलेला दर सोडला आणि आर्फ जातीचा, परिस्थितीप्रमाणे दर खाली-वर करणारा व्यवस्थापक लावला. आता करड्या दुव्यावर डेटा १ एमबीपीएसने का होईना, जातो. इथे दुसरा काटा आहे: १००० बाइटची फ्रेम ११ वर पाऊण मिलिसेकंदाहून कमी घेते, १ वर आठ. एक रडका दुवा आसपासच्या सगळ्यांची हवा खातो. फ्रान्समधल्या ह्यूस आणि मंडळींनी २००३ मध्ये साध्या वायफायवर हेच दाखवलं होतं. त्यामुळे कमकुवत रस्त्याचं आयुष्य कापलं. भक्कमाला नेहमीचे तीन सेकंद, कमकुवताला एकच, की पुन्हा भक्कम वाट शोधली जावी.

२१ नोव्हेंबर
चार प्रकार शेजारी शेजारी: मूळ, फक्त उंबरठा, राखीव बिट, आणि राखीव बिट अधिक ऑगस्टमधलं मोजून गप्प बसणं. दर बदलणारा व्यवस्थापक चौघांनाही सारखाच, नाहीतर तुलना खोटी.

पायी संच, दाट: दुसरा, तिसरा, चौथा यांची विश्वासांतरं एकमेकांवर चढलेली, फरक आहे असं म्हणता येणार नाही. तिघेही मूळच्या वर, स्पष्ट. पायी संच, विरळ: उंबरठा मागे पडतो, राखीव बिटवाले पुढे, अंतरं वेगळी. गाडी संच: सुधारणा किरकोळ, आणि चौथा प्रकार तिथे किंचित तोट्यात, कारण गप्प बसण्याआधी थांबण्यातच रस्ता शिळा होतो. विलंबाची सरासरी सुधारली, पण शेपूट अजून लांब आहे: दुसऱ्या शोधावर ज्यांना जावं लागतं त्यांना दोन सेकंद पडतातच. सैल शोध थेट मोठ्या टीटीएलने काढला तर? करून बघायचं.

टीसीपी, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारा प्रोटोकॉल, सध्या बाजूला. हॉलंड आणि वैद्य यांनी १९९९ मध्येच दाखवलंय की रस्ता तुटला तरी टीसीपी गर्दी समजून हात आखडतो. तो वेगळाच प्रकल्प होईल.

५ डिसेंबर
रिव्ह्यू झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा पहिला प्रश्न: "टक्केवारीत सुधारणा किती?" मी आलेख दाखवला, विश्वासांतरांसकट, आणि सांगितलं की दाट, विरळ, पायी, गाडी यांचं एक टक्केवारीत लोणचं घालता येत नाही. त्यांना आवडलं नाही. दुसरा प्रश्न चांगला होता: एसएनआर चांगला असूनही दुवा वाईट असू शकतो, समोरच्याच्या जवळ कुणी तिसरा ओरडत असेल तर? बरोबर आहे. उंबरठा फक्त अंतर आणि भिंती पकडतो, लपलेला नोड नाही. तिथे ईटीएक्ससारखं, प्रत्यक्ष किती पॅकेट पोचली त्यावरून दुव्याची किंमत ठरवणारं माप हवं. पण त्याला चाचणी-पॅकेट लागतात आणि नोड चालत असेल तर माप जुनं होतं. पायी वेगाला कदाचित चालेल. यादीत टाकलं.

१० डिसेंबर
स्क्रिप्ट, रन क्रमांक, एनएस-३ ची आवृत्ती, बदललेले सगळे मूळ आकडे आणि ते का बदलले याची एक फाइल लॅबच्या सर्व्हरवर ठेवली. त्यात वरच्या दोन ओळी ठळक: ब्रॉडकास्टचा दर आणि प्रीॲम्बलचा उंबरठा. पुढच्या बॅचला हाच विषय मिळाला तर निदान तिथून सुरुवात करतील.

जानेवारीसाठी: आणखी चार पाय मिळवायचे, मॅडमनी विभागाकडे पत्र दिलंय. नेटलिंकमधून एसएनआर काढणारा भाग लिहायचा. ब्रॉडकास्ट १ वर आणि ११ वर ठेवून तेच चालणं दोनदा करायचं, या वेळी कॉरिडॉर नाही, मागच्या टेकडीच्या उतारावर. पॉवरबँक सहा, पावसाची भीती नाही, मुलं कोण कोण येतायत ते शुक्रवारपर्यंत विचारायचं.